बेटावर जाताना बादली न्या!

टॉक शोच्या सोफ्यावर बसून निर्जन बेटावर जाणं एकदम सोपं असतं. तिथे प्यायचं काय, हे मात्र कुणीच विचारत नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, मंगरूळपीरमध्ये वाढलेल्या मुलीनं केलेलं हे थोडं तिरकं चॅनल सर्फिंग...

'समजा, तुम्ही एका निर्जन बेटावर अडकलात. सोबत फक्त तीन गोष्टी न्यायची परवानगी आहे. काय न्याल?'

रॅपिड फायरमधला हा ऑल टाइम हिट प्रश्न. उत्तरंही ठरलेली. मोबाइल, गिटार, आईच्या हातचं लोणचं, 'माझा डॉगी'. एखादा चतुर हिरो 'बोट!' म्हणतो. ऑडियन्स हसतो, अँकर टाळी देतो, ब्रेक. एवढ्या वर्षांत एकाही सेलिब्रिटीनं 'बादली' असं उत्तर दिलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

म्हणजे बघा ना, बेटावर पहिल्याच दिवशी दुपारी घसा कोरडा पडणार. चारी बाजूंना पाणीच पाणी आणि एक घोट पिता येत नाही. मग वर बघायचं. ढग आला की मिळेल त्या भांड्यात तो धरायचा. गिटारमध्येही धरता येईल म्हणा, पण बादली बरी.

या प्रश्नाची खानदानी आवृत्ती मला मास कॉमला असताना भेटली. बीबीसी रेडिओचा 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'. २९ जानेवारी १९४२ ला सुरू झालेला हा कार्यक्रम रॉय प्लमली यांच्या डोक्यातून निघाला आणि अजून चालू आहे. पाहुण्याला कल्पनेतल्या बेटावर सोडायचं. त्यानं आठ रेकॉर्ड्स निवडायच्या, एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू. बायबल आणि शेक्सपिअर बेटावर आधीच ठेवलेले असतात! चैनीची वस्तू निर्जीव हवी आणि तिचा सुटकेसाठी उपयोग होता कामा नये, ही अट. मुलाखत घ्यायची कशी, याचा हा कार्यक्रम म्हणजे चालताबोलता क्लास आहे. गाण्याच्या आडून माणूस आपलं अख्खं आयुष्य सांगून टाकतो. मी त्याची जाम फॅन आहे. पण या फॉर्मॅटमध्ये बेटावर गोड पाण्याची सोय झालेलीच आहे, असं सगळे गृहीत धरतात. लंडनकरांचं ठीक आहे, त्यांच्याकडे पाऊस वर्षभर रिपरिपत असतो.

आमच्याकडेही बेटांचं फॅड येऊन गेलं. जानेवारी २०१२ मध्ये स्टार प्लसवर 'सर्व्हायव्हर इंडिया' सुरू झालं. शूटिंग फिलिपाइन्समधल्या कारामोआनच्या बेटांवर. सिक्स पॅक्स, मशाली, भांडणं, व्होटिंग. मी तेव्हा शाळेत होते आणि आमच्या घरातला टीव्ही रात्री त्याच चॅनलवर असायचा. मजा म्हणजे त्याच वर्षी, त्याच चॅनलवर एक टॉक शोही आला आणि त्यानं पावसाच्या पाण्याला चक्क सोफ्यावर बसवलं. पण त्याआधी आमच्या गावाची ओळख करून देते. नाहीतर 'मंगरूळपीर? ते कुठे आलं?' हा प्रश्न पुण्यात मला दर आठवड्याला येतोच.

समुद्र नसलेलं बेट

मंगरूळपीर वाशिम जिल्ह्यात. हा जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. गावाला मंगरूळनाथ असंही म्हणतात. एका नावात दर्ग्याचा पीर, दुसऱ्यात बिरबलनाथ महाराज. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तालुक्यातल्या शेलूबाजारला इंटरचेंज आलाय आणि 'विदर्भात ना? नागपूरजवळ?' या प्रश्नाला मी 'हो, समृद्धीवर' असं उत्तर देऊन मोकळी होते.

नकाशावर मात्र एक गंमत आहे. आमचा हा भाग म्हणजे पठार आणि वाशिम जिल्ह्यातून तापी आणि गोदावरीच्या खोऱ्यांमधली सीमा जाते. काटेपूर्णा नदी जिल्ह्यात उगम पावते आणि उत्तरेला पळते. ती पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी थेट सुरतेला. अडाण नदीही याच जिल्ह्यातली, पण ती निघते दुसऱ्या दिशेला. पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत तिचं पाणी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतं. म्हणजे एकाच दुपारी पडलेल्या एकाच पावसातला एक थेंब अरबी समुद्रात आणि शेजारचा दुसऱ्या समुद्रात. ब्रेकअप असावा तर असा!

आता या भूगोलाचा अर्थ लावा. सांगली-कोल्हापूरकडे नदी वरून पाणी घेऊन येते. आमच्याकडे नद्यांची सुरुवातच होते. वरच्या अंगाला कुणी नाही, कुणाच्या धरणातून पाणी सोडायचं नाही, कुणाशी भांडायचंही नाही. आमच्या तालुक्याला मिळणारं पाणी म्हणजे जे आभाळातून पडेल ते. बेटाचंही नेमकं हेच असतं. फरक इतकाच, की बेटावरून निसटलेलं पाणी समोर दिसणाऱ्या समुद्रात जातं. आमचं आधी अकोल्याला जातं. काटेपूर्णेवर महानला धरण आहे आणि अकोला शहराची तहान त्यावर भागते.

अकोल्याच्या बाजूला घाट उतरून गेलात की गोष्ट आणखी भारी होते. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलाय. विहीर खणा, पाणी लागतं. चाखा, तर खारट. पायाखाली पाणी आहे, पण ते ना पिता येतं ना धड पिकाला देता येतं. तिथल्या गावांसाठी शेततळ्यात साठवलेला पाऊस किंवा लांबून पाइपनं आणलेलं धरणाचं पाणी, हेच खरं. समुद्रकिनारा नाही, नारळ नाही, बिकिनी तर नाहीच नाही. पण बेटावरचा प्रॉब्लेम जसाच्या तसा!

पाऊस कमी पडतो का? नाही हो. आमच्या जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण ८०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. लंडनमध्ये ६०० च्या आसपास. फरक असा की लंडनचा पाऊस बारा महिने ईएमआयसारखा थोडा थोडा येतो. आमचा जून ते सप्टेंबरमध्ये बोनससारखा येतो आणि बोनससारखाच उडतो. खाली बेसाल्टचा काळा पाषाण. वरचा मुरूम आणि खडकातल्या फटी यांत मावेल तेवढंच पाणी जमिनीत राहतं, बाकीचं नाल्यातून सुसाट.

रविवार, सकाळी अकरा

आता त्या टॉक शोकडे. ६ मे २०१२ ला 'सत्यमेव जयते' सुरू झालं. रविवारी सकाळी अकराची वेळ, स्टार प्लस आणि दूरदर्शन दोन्हीकडे एकाच वेळी. दूरदर्शनमुळे केबल नसलेल्या घरांतही आमिर खान पोचला. पहिला विषय स्त्रीभ्रूणहत्या. मग हुंडा, औषधं, दारू, अस्पृश्यता असे एकेक जड विषय आणि २२ जुलैला, तेरापैकी बाराव्या भागात, पाणी.

एक लक्षात घ्या, पाणी हा टीव्हीसाठी फार बोअर विषय आहे. त्यात व्हिलन नाही. म्हणजे आहे, पण तो तुम्हीआम्हीच. चर्चेत गावकरी 'पाणी नाही' म्हणतो, अधिकारी 'योजना आहे' म्हणतो, तज्ज्ञ 'क्युबिक मीटर' म्हणतो आणि आपण रिमोट उचलतो. दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं'नं हे विषय वर्षानुवर्षं इमानदारीत हाताळले, पण तो कार्यक्रम लागला की आमच्या पिढीनं फक्त चॅनल बदललं. प्राइम टाइमच्या चौकटींत पाणी येतं ते तमाशा असेल तरच. एप्रिल २०१६ आठवतोय? मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी निघालं आणि कॅमेरे स्टेशनवर धावले. त्याच महिन्यात आयपीएलच्या मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्यावरून मुंबई हायकोर्टानं ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. मग काय, क्रिकेट आणि दुष्काळ एकाच पडद्यावर! टीआरपीची सोय झाली. जून उजाडला, पाऊस आला, विषय संपला.

'सत्यमेव'वाल्यांनी वेगळं काय केलं, तर विषय सोडला नाही. शोचा दिग्दर्शक सत्यजित भटकळ, आमिर खान, किरण राव या मंडळींनी २०१६ मध्ये पानी फाउंडेशन काढलं. सोबत साताऱ्याचे डॉ. अविनाश पोळ, जे पेशानं दातांचे डॉक्टर आणि आवडीनं पाण्याचे. त्यांनी टॉक शोचंच डोकं वापरलं. माणसाला माहिती दिली की तो जांभई देतो, स्पर्धा दिली की उठून बसतो. म्हणून 'वॉटर कप'. उन्हाळ्यातले ४५ दिवस, गावागावांत चुरस, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात नीट पाऊस अडवायची तयारी करेल तो जिंकला. २०१६ मध्ये तीन तालुके होते, वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. पहिला नंबर कोरेगावातल्या वेळूचा. पुढच्या वर्षी ३० तालुके. २०१८ मध्ये ७५ आणि त्या ७५ मध्ये आमचं मंगरूळपीर!

गावाचं नाव टीव्हीवर येणं म्हणजे काय असतं, ते मुंबई-पुण्यात जन्मलेल्यांना नाही कळणार. तुमचे सिग्नलसुद्धा बातम्यांत येतात. आमचं नाव आलं की घरातले सगळे एकमेकांना 'गप बसा' म्हणतात. 'तुफान आलंया' हा कार्यक्रम त्या काळात मराठी चॅनल्सवर लागायचा आणि आमच्या घरी तो मॅचसारखा बघितला जायचा.

१ मे २०१८ ला महाश्रमदान होतं. शहरातल्या पोरापोरींनी 'जलमित्र' म्हणून नाव नोंदवायचं आणि गावात जाऊन खणायचं. मी तेव्हा कॉलेजला. तालुक्यातल्याच एका गावाच्या माळावर पहाटे पोचले. हातात टिकास घेतलं आणि पाचव्या घावाला कळलं, की जिममध्ये उचललेले डंबेल्स इथे कामाचे नाहीत. खाली मुरूम, त्याखाली दगड. टिकास आपटलं की मनगटात झिणझिण्या. साठीच्या एका मावशींनी माझ्या हातातून ते अलगद काढून घेतलं आणि म्हणाल्या, 'तू घमेलं उचल वं माय, तुयाच्यानं हे नाही होत.' मी घमेली उचलली. साखळी करून माती बाहेर काढायची, चराच्या खालच्या बाजूला बांध रचायचा. नऊ वाजता पारा असा काही चढला की सगळे झाडाखाली.

तिथे शिकलेली गोष्ट कुठल्याच एपिसोडमध्ये मला इतकी स्पष्ट समजली नव्हती. चर कुठेही खणून चालत नाही. डोंगराच्या उतारावर एकाच उंचीचे बिंदू शोधायचे आणि त्या रेषेवर खणायचं. म्हणून सलग समतल चर. उंची शोधायला लेझरबिझर काही नाही. पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, दोन टोकांना दोन मोजपट्ट्या. दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी आली की झालं. शाळेत फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर काढलेली आकृती इथे सातवी पास काका हातात धरून चालत होते. आधी माथ्यावरची कामं, मग उतारावरची, सगळ्यात शेवटी नाला. वरून धावत येणारं पाणी वाटेत थांबलं नाही, तर खालचा बंधारा पहिल्याच पावसात गाळानं भरतो.

त्या वर्षीचा कप साताऱ्यातल्या माण तालुक्यातल्या टाकेवाडीनं नेला, ७५ लाखांच्या बक्षिसासकट. आम्ही बघत बसलो.

कॅमेरा गेल्यावर

आता जरा कडू बोलते. मी श्रमदानाची फॅन आहे, पण भक्त नाही.

टॉक शोला गोष्टीचा शेवट लागतो. भेगाळलेली जमीन, मग फावडी, मग पाऊस, मग तुडुंब चर, मग डोळ्यांत पाणी, मग श्रेयनामावली. खऱ्या आयुष्यात तुडुंब चरानंतरच खरा लोचा सुरू होतो. विहिरीत पाणी वाढलं की माणूस दुसरं पीक घेतो. ते जमलं की बाग लावतो. तीन वर्षांत वाढलेलं पाणी पिऊन मोकळं! चर गाळानं भरतात, बांधाला खांडं पडतात आणि ते उपसायला मे महिन्यात पुन्हा कुणी साखळी करत नाही, कारण आता कॅमेरा नाही. स्पर्धेत गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायलाही शिकवलं जायचं, हे खरं. पण वहीतला ताळेबंद टीव्हीवर कसा दिसणार? दिसतं ते फावडं.

सरकारी बाजूचंही तेच. जलयुक्त शिवार योजना डिसेंबर २०१४ मध्ये आली. सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या अहवालानं म्हटलं, की साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्चूनही भूजल वाढवण्यात फारसं यश आलं नाही. त्याआधीच प्रा. एच. एम. देसरडा अशास्त्रीय कामांविरुद्ध कोर्टात गेले होते. पोकलेन लावून नाला खोल केला की फोटो भारी येतो. पण माथ्यावर काही केलेलं नसेल, तर ते नुसतं लांबलचक खड्डा करणं असतं.

मग जमलं कुणाला? नाव नेहमीचंच आहे, सॉरी, पण पर्याय नाही. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या गावातल्या हिरवळीचे फोटो टाकले. माझ्या मते त्या गावाची खरी कमाल फोटोत न येणारी आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. ऊस, केळी लावायची नाहीत. दरवर्षी पाऊस मोजायचा आणि किती पडला त्यावर कुठली पिकं घ्यायची ते ठरवायचं. म्हणजे पगार बघून क्रेडिट कार्ड वापरायचं! आपल्यापैकी किती जणांना जमतं?

बेटांवर मात्र हे जमतं, कारण तिथे पर्यायच नाही. बर्म्युडाचं उदाहरण मला फार आवडतं. अटलांटिकमधलं हे चिमुकलं बेट, ना नदी ना ओढा. तिथली पांढरीशुभ्र, पायऱ्यापायऱ्यांची छपरं पोस्टकार्डवर बघून वाटतं, काय क्यूट आहेत! तो क्यूटपणा नसून प्लंबिंग आहे. चुनखडीच्या पायऱ्यांमुळे पावसाचा वेग मंदावतो, पाणी पन्हळीतून थेट घराखालच्या टाकीत जातं. छपरावरून पाणी गोळा करणं तिथे कायद्यानंच सक्तीचं आहे. घर म्हणजे टाकी आणि टाकीवर राहणारी माणसं.

उलट बाजूला मालदीवची राजधानी माले. तिथे समुद्राचं पाणी गोड करणारा प्लांट आला, सगळे नळावर आले. ४ डिसेंबर २०१४ ला प्लांटला आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ एका फटक्यात कोरडे. दुकानांत बाटल्यांवरून हाणामारीची वेळ. भारतानं विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवलं. छपरावरचा पाऊस पिणं ही त्या बेटांवरची जुनी रीत, पण राजधानीची भिस्त सगळी एका प्लांटवर!

आणि आपल्याला तरी नवीन काय आहे यात? वीकएंडला ट्रेकला जाता ना? गडावर पोचल्यावर ज्या टाक्यातून बाटली भरता, ते काय आहे? कातळ खोदून साठवलेला पाऊसच. गड म्हणजे ढगांतलं बेट. खालून पाणी चढवायला मोटर नव्हती, वेढा पडला की खाली उतरायची सोय नव्हती. मुंबईत कान्हेरीला भिक्षूंनी लेण्यालेण्याला पोढी खोदून ठेवल्यात आणि डोंगरावरचं पाणी खाचांतून तिकडे वळवलंय. मालवणच्या सिंधुदुर्गात, भर समुद्रात, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत. नावं ऐका! समुद्रानं वेढलेल्या माणसाला साधं पाणी किती गोड लागत असेल, ते या नावांत आलंय. घारापुरीत तर वीजही समुद्राखालच्या केबलमधून फेब्रुवारी २०१८ मध्ये पोचली. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना! टॉक शोमध्ये बोलवायचंच असेल तर अशा बेटावरच्या एखाद्या आजींना बोलवा. 'तीन गोष्टी कोणत्या न्याल?' असं विचारून तर बघा.

गच्चीचा हिशोब

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, आम्ही बाणेरच्या अकराव्या मजल्यावर राहतो, आम्हाला काय? मुंबईत मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामांना २००२ पासून रेनवॉटर हार्वेस्टिंगची सक्ती आहे. पुण्यात त्यासाठी मिळकत करात सवलत मिळते. तुमच्या सोसायटीच्या आवारात कुठेतरी एक सिमेंटचं झाकण असेल. ते शेवटचं कधी उघडलं, हे वॉचमनकाकांना विचारा. मी माझ्या भाड्याच्या सोसायटीत विचारलं. त्यांनी मला ड्रेनेजचं झाकण दाखवलं.

त्यामुळे मी प्रयोग घरी करायचा ठरवला. निमित्त होतं बोअरचं.

मंगरूळपीर शहराला मोतसावंगा प्रकल्पाचं पाणी येतं. उन्हाळ्यात दोन नळांमधलं अंतर वाढत जातं. आमच्या मागच्या अंगणात जुना आड आहे, तो मार्चपर्यंत साथ देतो. मग गल्लीत बोअरच्या गाड्यांची घरघर. गेल्या वर्षी बाबांनीही बोअर घ्यायचं मनावर घेतलं. रिटायरमेंटच्या पैशांतून. एका घरी ३०० फुटांवर लागलं, शेजाऱ्यांकडे ३५० वर. त्यामुळे आपण ४०० जाऊ, असा त्यांचा सरळ हिशोब. २००९ च्या भूजल कायद्यानं शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल, म्हणजे साधारण २०० फुटांच्या पुढे जायला बंदी केलीय. घरचं बोअर त्यात बसत नाही, हे बाबांना माझ्याआधी माहीत होतं. निवृत्त माणसाशी कायद्यावरून वाद घालू नये.

फोनवर आमची रोज जुंपायची. मी आमिर खानपासून हिवरे बाजारपर्यंत सगळं काढलं. बाबा शांतपणे म्हणाले, 'टीव्हीवाल्याईचं काय घेऊन बसली तू. ते येतेत, बोलतेत अन् जातेत. बोअर राह्यते.'

'बाबा, तुमचं बोअर तरी कुठं राहणार? समोरचे उद्या ४५० जातील.'

'मंग आपण पाचशे जाऊ.'

शेवटी मी कॅल्क्युलेटर काढला. आमच्या घराचं छप्पर हजार स्क्वेअर फुटांचं, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर, इतकं सोपं गणित. उडून आणि सांडून वाया जाणारं वजा केलं तरी जवळपास ६० हजार लिटर! आता खर्च. घरात आई, बाबा, आजी आणि भाऊ. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दहा लिटर धरले तर रोजचे ४०. ऑक्टोबरपासून मृगापर्यंत अडीचशे दिवस. दहा हजार लिटर साठवले की विषय कट. आंघोळ, कपडे, फ्लश यात बसत नाहीत, हेही सांगून टाकते. शहरी थाटात माणशी १३५ लिटर वापरायचे असतील तर चौघांना वर्षाला दोन लाख लिटर लागतात. तेवढं आमचं छप्पर कुठून आणणार! पण प्यायचं पाणी तरी बोअरच्या नाकावर टिच्चून मिळतं. उरलेले ५० हजार लिटर आडात सोडायचे, म्हणजे तो मार्चऐवजी एप्रिल बघेल, अशी आशा.

बाबांनी एक पावसाळा द्यायचं कबूल केलं. 'एकच,' असं दोनदा म्हणाले.

पाच हजारांच्या दोन काळ्या टाक्या आल्या. टिनांना पन्हळ लावली, पाइप टाकला, मध्ये वाळू, गिट्टी आणि कोळशाचा फिल्टर. टाकीत ऊन आणि डास जाता कामा नयेत, म्हणून झाकण घट्ट आणि वरच्या पाइपाला जाळी. सुरुवातीच्या पावसाचं पाणी टाकीत न घेता बाहेर सोडायला एक वेगळा कॉक. त्याचं इंग्रजी नाव सांगून मी भाव खाणार, तेवढ्यात आजीनं विचारलं, 'तो कॉक कायले?' मी समजावलं. ती म्हणाली, 'मंग बरोबर. पहिला पाऊस धराचा नाही वं, तो टिनं धुवासाठी असते.' तिच्या लहानपणी पन्हळीखाली गुंड आणि घंगाळं लावायचे, ते तिसऱ्या-चौथ्या पावसाला. मी दोन दिवस इंटरनेटवर घालवले होते.

आजी त्या पाण्याची डाळ लवकर शिजते म्हणते. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे तिचं म्हणणं विज्ञानालाही मान्य व्हावं. आईला सुरुवातीला चव 'फिकी' वाटली, मग सवय झाली. पिण्याआधी उकळायचं, हा नियम तिनं स्वतःच केला. शेजारच्या काकू पहिल्या महिन्यात हसायला यायच्या, दुसऱ्या महिन्यात कळशी घेऊन आल्या. बाबांना ते बिलकूल आवडलं नाही. त्यांच्या ४० लिटरच्या हिशोबात काकू नव्हत्या!

यंदा मार्चअखेर मी घरी गेले तेव्हा पहिली टाकी संपली होती आणि दुसरी अर्ध्याच्या थोडी वर होती. बाबांनी टाकीवर खडूनं रेघा मारून प्रत्येक रेघेपुढे तारीख लिहिलीय आणि रोज सकाळी पेपर वाचायच्या आधी ते टाकीला टिचकी मारून येतात. त्यांच्या हिशोबानं पाणी मृग लागेपर्यंत पुरतं, आजीच्या हिशोबानं दोन दिवस आधीच संपतं. बोअरवाल्याचा नंबर अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.